म्हातारीच्या डोंगरावरचा पांढरा दगड

जुलै संपत आला की डोंगराखालच्या त्या गावात कुणीही कुणाला भेटलं तरी आधी एकच विचारायचं, "फ्रॉहन पिकली का गं?" बाकीची विचारपूस नंतर. फ्रॉहन म्हणजे मटाराएवढी जांभळी फळं. डोंगरमाथ्यावर हेदरच्या झुडपांत अशी दडून बसतात, की कंबरेत वाकल्याशिवाय दिसायची नाहीत. खाल्ली की बोटं, ओठ, जीभ सगळं जांभळं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली, की अख्खं गाव पत्र्याचे डबे वाजवत वर निघायचं. पोरीबाळी नटायच्या, कुणी पावा घ्यायचं, कुणी गळ्यात अडकवायची पेटी. डोंगरावर जायचं म्हणजे जत्राच.

त्या रविवारी सकाळी डर्व्हला स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचून घरामागच्या ओढ्यात दगड शोधत होती.

कारण तो डोंगर म्हातारीचा. माथ्यावर तिचं थडगं आहे. थडगं म्हणजे दगडांचा ढीगच, पण गावातलं चर्च आत मावेल एवढा. तिथे रिकाम्या हाताने जायचं नाही. खालून एक दगड न्यायचा आणि ढिगावर ठेवायचा. उतरताना मात्र तिथला खडासुद्धा खाली आणायचा नाही. आणि बाळ पहिल्यांदा वर जाणार असेल, तर आईने त्याच्या नावाचा दगड त्याच्या दुपट्यात गुंडाळायचा, म्हणजे दगडाला बाळाची ऊब लागते. वर गेल्यावर तो बाळाच्याच हाताने ठेवायचा.

"एवढा मोठा कशाला शोधतेस? पोरगा काय पूल बांधणार आहे?" काठावरून फर्गल ओरडला. फर्गल तिचा नवरा. मांडीवर कोलमला घेऊन बसला होता.

"मोठा नाही रे, गुळगुळीत शोधतेय. टोचला त्याला तर?"

"टोचला तर तो रडणार. तो रडला की तू घाबरणार. तू घाबरलीस की माझी मॅमी मला ओरडणार. म्हणजे शेवटी बोलणी मलाच!"

डर्व्हला हसली. हसता हसता तिने कोलमकडे बघितलं. बाप एवढा खिदळतोय, आई हसतेय, आणि कोलम नुसता बघत होता. मोठ्या माणसासारखा.

तिचं सगळं दुखणं तेच होतं. कोलमला दात यायला लागले, बसता यायला लागलं, पण तो एकदासुद्धा हसला नव्हता. गुदगुल्या करा, भोपळ्याएवढी तोंडं करा, मांजर नाचवा, तो आपला गंभीर. दवाखान्यातली नर्स म्हणायची, "कान चांगले, डोळे चांगले, अंग कसं भरलंय बघ. हसेल तेव्हा हसेल." पण नर्स संध्याकाळी आपल्या घरी जायची. डर्व्हलाला मात्र त्या दोन शांत डोळ्यांसमोर बसावं लागायचं. गावातल्या बायका तोंडावर काही बोलत नसत. बाळाला बघून "किती गोड!" म्हणत, दृष्ट लागू नये म्हणून लगेच "देव त्याचं भलं करो" म्हणत, आणि दाराबाहेर पडल्यावर हळूच एकमेकींकडे बघत. न हसणारं मूल अर्धंच घरात असतं, अर्धं डोंगराच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य लोकांत, असं तिकडच्या जुन्या बाया म्हणतात. डर्व्हलाचा त्यावर विश्वास नव्हता. तरी रोज ती झोपलेल्या कोलमच्या नाकाशी बोट धरून बघायची.

शेवटी तिला एक करडा, अंड्यासारखा दगड मिळाला. तिने तो पुसला, गालाला लावून बघितला आणि कोलमच्या दुपट्यात पोटाजवळ गुंडाळला.

वर जाताना पॅकी काका पुढे होता. फर्गलचा चुलता, बिनलग्नाचा, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत.

"म्हातारी लय अवाढव्य होती," तो चढता चढता सांगत होता. "एप्रनमध्ये दगड भरून या डोंगरावरून त्या डोंगरावर उडी मारायची. इथे आली आणि एप्रनचा बंद तुटला. सगळे दगड सांडले. तोच हा ढीग."

"काका, मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात शिंक आली म्हणून सांडले," फर्गल म्हणाला.

"शिंक आली म्हणूनच बंद तुटला! मध्ये बोलू नकोस. तर काय, कित्येक पोरकी पोरं आणून तिने सांभाळली. ती पोरं मोठी झाली, म्हातारी झाली, मेली. ही मात्र तशीच. मग दुसरी पोरं आणली. तीही मेली. शेवटी तिने एप्रन झटकला आणि जाऊन आत बसली."

"आणि आता काय करते?" डर्व्हलाने विचारलं.

"वाट बघते."

"पॅकी, पोरीला उगाच घाबरवू नकोस," मागून सासू, अट्रॅक्टा, धापा टाकत म्हणाली. "तोंड चालवण्यापेक्षा पाय चालव. तुझ्या मागे चालून मी इथेच म्हातारीच्या शेजारी जाऊन बसेन."

माथ्यावर ऊन होतं. एका बाजूला समुद्र चकाकत होता, दुसऱ्या बाजूला शेतांचे हिरवे चौकोन. माणसं झुडपांत वाकून फळं खुडत होती, चार जणी पेटीच्या सुरावर नाचत होत्या, ब्रेड आणि थंड चहाच्या बाटल्या निघाल्या होत्या. डर्व्हलाने आपला दगड ढिगावर ठेवला. कोलमचा ठेवायचा, तर तो भुकेने कुरकुरायला लागला.

"आधी पाज त्याला," अट्रॅक्टा म्हणाली. "भरल्या पोटी ठेवू दे. तू जा आडोशाला, मी डबा भरते."

वाऱ्याला आडोसा एकच होता. ढिगाच्या पूर्वेला दोन उभ्या शिळा आहेत, त्यांवर एक आडवी, आणि मधून आत जाणारी बुटकी वाट. वाट आतल्या बाजूला उतरत जाते, इतकी की पावसाचं पाणी आत जातं, ते बाहेर येत नाही. डर्व्हला तोंडापाशीच बसली, आतल्या अंधाराकडे पाठ करून, आणि कोलमला पदराशी घ्यावं तसं शालीत घेतलं.

तो पीत होता तेवढ्यात धुकं आलं. समुद्राकडून येतं तसं, न सांगता, एकदम. आधी शेतं गेली, मग नाचणाऱ्या पोरी गेल्या, मग पेटीचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा झाला. समोर नुसतं पांढरं. मागे नुसतं काळं.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. असं धुकं येतं आणि जातं. तिने कोलमला ढेकर काढायला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर हळूहळू थोपटू लागली. त्याचं तोंड आता तिच्या मागे, आतल्या बाजूला होतं. आतून ओल्या मातीचा वास येत होता. आणि आणखी कसला तरी... पिकल्या फ्रॉहनचा.

मग तिला गुणगुणणं ऐकू आलं. अगदी बारीक. मूल झोपवताना बायका ओठ मिटून गुणगुणतात तसं.

अट्रॅक्टा असेल, तिला वाटलं. वास त्या डब्याचाच.

"मॅमी, झाला का डबा भरून?"

गुणगुणणं थोडं जवळ आलं. मानेवर ऊबदार श्वास लागल्यासारखं वाटलं.

आणि कोलम हसला.

नुसता ओठांनी नाही. पोटातून, खळखळून, श्वास अडकेपर्यंत. त्याचं सगळं अंग तिच्या खांद्यावर गदागदा हलत होतं. थांबायचा, समोर काहीतरी बघायचा, आणि पुन्हा फुटायचा. डर्व्हलाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. एवढा सुंदर आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

"बघा मॅमी, हसतोय! हसतोय तो! काय केलंत तुम्ही?"

तेवढ्यात बाहेरून, धुक्याच्या पार पलीकडून, अट्रॅक्टाची हाक आली. "डर्व्हला... अगं, कुठे आहेस पोरी? मला काही दिसेना..."

डर्व्हलाचा हात थोपटायचा थांबला. मागे गुणगुणणंही थांबलं. कोलमचं दुपटं मागून कुणीतरी अलगद नीट करावं, तशी एक चुणी हलली.

तिने वळून बघितलं नाही. पोराला छातीशी आवळलं आणि पांढऱ्या धुक्यात धूम ठोकली.

ती जाऊन अट्रॅक्टावरच आदळली. सासूचा डबा उडाला, फळं घरंगळली, आणि ते बघून कोलम पुन्हा हसायला लागला. अट्रॅक्टा मटकन हेदरमध्ये बसली. "देवा रे," म्हणाली, "देवा रे, पोरगं हसलं!" आणि स्वतः रडायला लागली. धुकं विरलं तेव्हा गावाने बघितलं, की सासूसुना एकमेकींच्या गळ्यात पडून रडताहेत आणि मध्ये चेंगरलेलं बाळ हसतंय. मग काय विचारता! ज्याने त्याने त्याला हसवून बघितलं. तो प्रत्येकाकडे बघून हसला. पॅकी काकाच्या नाकाला तर इतका हसला की काका म्हणाला, "एवढी वर्षं सांभाळलेल्या नाकाचं चीज झालं."

त्या आनंदात डर्व्हलाने आतली गोष्ट कुणाला सांगितली नाही. कोलमच्या नावाचा दगड ठेवायचा राहिला, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते घरी. स्वयंपाकघरात सगळे जमले होते. फ्रॉहन साय घालून कुस्करली होती, चुलीवर किटली होती, फर्गल पेटी वाजवत होता. अट्रॅक्टाने कोलमला अंघोळीसाठी सोडवलं, आणि दुपट्यातून दगड खाली पडला.

पांढराशुभ्र. साखरेच्या ढेपेसारखा चमकणारा.

पेटी थांबली.

"माझा करडा होता," डर्व्हला म्हणाली. "ओढ्यातला. फर्गलने बघितलाय, तो बसला होता तिथे..."

"हा वरचा आहे," पॅकी काका उठून उभा राहिला. "थडग्याच्या दाराशी असले पांढरे दगड आहेत. पोरी, तू म्हातारीचा दगड खाली आणलास?"

मग तिने सगळं सांगितलं. गुणगुणणं, श्वास, दुपट्याची चुणी. कुणी हसलं नाही, फक्त कोलम पाण्यात हात आपटून हसत होता. अट्रॅक्टाने त्याची हनुवटी वर केली. हनुवटीखाली जांभळा ठसा होता. लाडाने हनुवटी धरताना अंगठा टेकतो तसा. अट्रॅक्टाने त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. ठसा तिच्या अंगठ्याच्या दुप्पट होता.

"उद्याच्या उद्या परत नेऊन ठेवा," पॅकी म्हणाला. "तिथलं काही घरात ठेवायचं नाही."

"नेऊ नका," अट्रॅक्टा म्हणाली. "उचलून आणलेलं वेगळं आणि दिलेलं वेगळं. पोराने तिला दगड दिला, तिने त्याला दिला. हौसेने दिलेलं तोंडावर परत फेकायचं? तिच्या?"

"आणि ठेवून घेतलं तर? दगडामागून ती आली म्हणजे?"

"फर्गल, तू बोल काहीतरी," डर्व्हला म्हणाली.

फर्गलने पेटी मिटली. नेहमी चेष्टा करणारा माणूस, पण त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. "मला काय कळतंय त्यातलं," एवढंच म्हणाला.

त्या रात्री कोलम गाढ झोपला आणि डर्व्हलाचा डोळ्याला डोळा लागला नाही. दगड परत केला आणि त्याच्याबरोबर हसणंही परत गेलं तर? पुन्हा ते शांत डोळे? आणि नाही केला, तर पोरावर कुणाचा हक्क? उजाडता उजाडता तिला वाटलं, दगड माझा नाही, पॅकीचा नाही, मॅमीचाही नाही. ज्याला दिलाय, त्यालाच ठरवू दे.

सकाळी ऊन पडल्यावर ती आणि अट्रॅक्टा कोलमला घेऊन वर गेल्या. माथ्यावर चिटपाखरू नव्हतं. कालच्या ब्रेडचे तुकडे कावळे टिपत होते. डर्व्हला बुटक्या वाटेच्या तोंडाशी बसली. या वेळी तोंड आत करून. कोलमला पुढ्यात बसवलं आणि पांढरा दगड त्याच्या हातात दिला.

"बघ बाळा," ती म्हणाली. "ठेवायचा तर ठेव. द्यायचा तर दे."

कोलमने दगड चाटून बघितला. मग हात वर करून धाडकन आत टाकला. दगड उतारावरून खडखडत काळोखात गेला आणि आवाज बंद झाला.

अट्रॅक्टाने छातीवर क्रूस काढला. "चला. सुटलो."

मग आतून खडखड आली. हळूहळू, दगडावरून दगडावर, चढावरून वर वर. पांढरा दगड काळोखातून घरंगळत आला आणि कोलमच्या पायाशी थांबला.

कोलम टाळ्या पिटून हसला.

दोघी बायका हलल्यासुद्धा नाहीत. कोलमने दगड उचलला आणि पुन्हा फेकला. तो पुन्हा आला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. कोलम हसून हसून मागे लवंडला. आणि डर्व्हलाला कळलं, की हा तर तोच खेळ आहे. घरोघर बाळं चमचा खाली टाकतात, आजी उचलून देतात, बाळं पुन्हा टाकतात. कितीही वेळा. आजी कंटाळत नाहीत. ही तर केवढ्या वर्षांची उपाशी आजी.

तिची भीती गेली नाही. पण भीतीच्या जोडीला माया आली. तिने काळोखाकडे बघितलं आणि आपल्या सासूशी बोलावं तशी म्हणाली,

"पुरे आता, आजी. दूध प्यायची वेळ झाली त्याची. दमला तो."

कोलमने दगड शेवटचं एकदा टाकला. खडखड आत गेली. दोघी श्वास रोखून बसल्या. कितीतरी वेळ... आतून एक लांब उसासा आला, वाऱ्यासारखा, फ्रॉहनचा वास घेऊन. दगड आला नाही.

"ऐकलं हो तिने," अट्रॅक्टा कुजबुजली. मग स्वतःशीच हसली. "माझ्यापेक्षा शहाणी सासू निघाली."

उतरताना डर्व्हलाचा जीव टांगणीला होता. ती सारखी कोलमकडे बघत होती. अर्ध्या वाटेवर मेंढी शिंकली, आणि कोलम असा खदखदून हसला, की दोघीही हसत सुटल्या. हसणं खाली आलं होतं. ते त्याचंच होतं.

त्या वर्षी त्या घरात जेवढं हसू झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं. फर्गलने तर पोराच्या हसण्यावर एक चाल बसवली. गावातल्या बायका आता दाराबाहेर पडल्यावरही हसत जायच्या. डर्व्हला रात्री नाकाशी बोट धरून बघायची विसरू लागली.

नोव्हेंबरात दिवस लहान झाले. एका संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता. फर्गल गोठ्यात दूध काढत होता, अट्रॅक्टा आणि पॅकी काका प्रार्थनेला गेले होते. डर्व्हला चुलीपाशी बटाटे सोलत होती आणि कोलम लोकरीचा लाल चेंडू घेऊन खाली रांगत होता. जिन्याखालच्या कोठीचं दार किलकिलं होतं. आत बटाट्याची पोती आणि अंधार.

कोलमने चेंडू कोठीत टाकला. चेंडू परत आला.

पोत्याला लागून आला असेल, म्हणून डर्व्हलाने दुसरा बटाटा घेतला. कोलमने पुन्हा टाकला. या वेळी मध्ये जरा वेळ गेला. मग चेंडू हळूच बाहेर आला. कोलम खिदळला.

डर्व्हलाने सुरी खाली ठेवली. उठली. चेंडू उचलून हातात घट्ट धरला. आवाज तिने साधाच ठेवला.

"पुरे आता, आजी. दमला तो."

कोठीत सगळं शांत झालं. छपरावर नुसता पाऊस. तिचा जीव भांड्यात पडला. ती स्वतःशीच जरा हसलीही.

मग आतून खडखड आली. लोकरीचा आवाज तसा नसतो. आणि चेंडू तर तिच्या हातात होता.

पांढरा दगड उंबऱ्यावरून घरंगळत आला आणि कोलमच्या गुडघ्याशी थांबला. त्यावर अंगठ्याचा मोठा जांभळा ठसा होता, ओला. डोंगरावरची फ्रॉहन संपून, झुडपं वाळूनही किती दिवस झाले होते.

कोलमने या वेळी दगडाला हात लावला नाही. त्याने मान वर करून कोठीच्या काळोखात बघितलं. वाकलेल्या म्हातारीचा चेहरा असेल तेवढ्या उंचीवर. ओळखीचं, गोड हसला.

आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.